पत आपली, चोपडी दुसऱ्याची

एखादा माध्यमिक शिक्षक घ्यावा. वीस-बावीस वर्षांची नोकरी, दरमहा बँकेत जमा होणारा पगार आणि कोणाचे देणे बुडविण्याचा विचारही मनाला न शिवलेला. निवृत्तीपूर्वी स्वतःचे दोन खोल्यांचे घर व्हावे म्हणून तो कर्जासाठी बँकेत जातो. वेतनाचा दाखला, आयकराचे विवरणपत्र, जागेचे कागद, सारे काही यथास्थित असते. तरीही चार दिवसांनी बँकेचा अधिकारी त्याला सांगतो, "सर, तुमचं सिबिल खराब आहे." शिक्षक गोंधळून जातो. खोलात शिरल्यावर उलगडा होतो. सहा-सात वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या कर्जाला त्याने जामीन म्हणून सही केली होती. सहकारी बदली होऊन गेला, पुढे त्याचे हप्ते थकले आणि ती थकबाकी कर्जदाराबरोबरच जामीनदाराच्या नावावरही नोंदली गेली. सही करणारा ती सही विसरला होता. नोंदवही मात्र विसरली नव्हती.

एखाद्या कारकुनाच्या बाबतीत कारण याहूनही क्षुल्लक निघते. बंद झाले अशा समजुतीने कपाटात टाकलेल्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी, तिच्यावरचे व्याज, त्या व्याजावरचा दंड, अशी चढत गेलेली चार आकडी रक्कम त्याच्या लाखांच्या कर्जाच्या आड येते. दोघांच्याही कहाणीत एक गोष्ट समान आहे. आपल्याविषयी कोठेतरी काही लिहिले जात आहे, ते आपल्याला वाचता येते आणि चुकले असेल तर दुरुस्तही करून घेता येते, हे त्यांना गरज पडेपर्यंत ठाऊक नव्हते. आणि गरज पडते ती नेमकी दुरुस्तीला वेळ उरलेला नसताना.

सुप्याची होळी आणि पासबुक

ऋणकोविषयी धनकोने ठेवलेली नोंद ऋणकोला पाहता आली पाहिजे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ले केले. पुढील काही आठवड्यांत हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदल्या गेलेल्या या उठावाचे वैशिष्ट्य असे, की जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तर त्याच्या कागदांवर होता. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. व्याजाचा दर जाचक होताच. पण त्या चोपडीत आपल्या नावावर काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, फेडलेला पैसा जमा धरला की नाही हे कळत नाही, हे दुःखही तितकेच खोल होते.

त्यानंतर १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. कर्जदाराला प्रत्येक परतफेडीची लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मिळावा आणि मागणी केल्यास पासबुकात खाते उतरवून मिळावे, अशा तरतुदी त्यात होत्या. कायद्याचे प्रत्यक्ष फळ किती मिळाले याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु त्यामागील तत्त्व निःसंशय महत्त्वाचे होते. चोपडी सावकाराची असली तरी तीत ज्याचे नाव आहे त्यालाही ती पाहण्याचा हक्क आहे, हेच ते तत्त्व.

दीड शतकानंतर चोपडीचे रूप पालटले आहे. आज ती लाल कापडात बांधलेली नाही. ती संगणकात आहे आणि ती एका सावकाराची नसून सर्व बँकांची सामाईक आहे. म्हणूनच तिची सत्ताही अधिक आहे. पूर्वी एका पेढीवर पत गेली तर दुसऱ्या पेढीवर जाता येई. आज एका बँकेतील चूक दुसऱ्या दिवशी नव्हे, तरी दुसऱ्या पंधरवड्यात साऱ्या देशातील बँकांपुढे उघडी असते.

या चोपडीत काय असते?

'सिबिल' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे, की पुष्कळांना ते एखादे सरकारी खाते वाटते. वस्तुतः ती एक खासगी कंपनी आहे. 'क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो (इंडिया) लिमिटेड' या नावाने तिची स्थापना २००० साली झाली आणि त्या नावाच्या आद्याक्षरांतून सिबिल हा शब्द तयार झाला. ट्रान्सयुनियन या अमेरिकी कंपनीकडे तिची बहुतांश मालकी गेल्यानंतर ती 'ट्रान्सयुनियन सिबिल' झाली. तिच्याखेरीज इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. या चौघींना परवाना रिझर्व्ह बँकेचा आणि आधार संसदेने २००५ साली केलेल्या 'पतमाहिती कंपन्या (नियमन) कायद्या'चा. जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक बँकेला व वित्तसंस्थेला या चारही कंपन्यांचे सभासद होण्यास सांगितले. तेव्हापासून एकाच माणसाच्या चार चोपड्या तयार होऊ लागल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

पत-अहवालात माणसाचे नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते व दूरध्वनी क्रमांक असतात. त्याने घेतलेली कर्जे आणि क्रेडिट कार्डे, त्यांची शिल्लक, प्रत्येक महिन्याचा हप्ता वेळेवर भरला की किती दिवस उशिरा, हा तपशील असतो. ज्या कर्जांना तो जामीन राहिला तीही तेथे दिसतात. अखेरच्या भागात कोणकोणत्या संस्थांनी कर्जाच्या अर्जानिमित्त त्याचा अहवाल मागविला याची यादी असते. या साऱ्यावरून ३०० ते ९०० या दरम्यान एक गुणांक काढला जातो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याला अर्थातच गुणांक नसतो.

काय नसते हेही ध्यानात घेतले पाहिजे. माणसाची बचत, मुदत ठेवी, भविष्य निर्वाह निधी, घरातील सोने यांपैकी काहीही या अहवालात येत नाही. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही शिकवण आयुष्यभर पाळून ज्याने एक पैसाही उसना घेतला नाही, तो या चोपडीच्या दृष्टीने अनोळखी ठरतो. याउलट तीन कर्जांचे हप्ते वेळच्या वेळी भरणारा माणूस पतदार ठरतो. हा गुणांक म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, तसाच तो संपत्तीचाही नव्हे. उसने घेतलेले परत करण्याच्या सवयीची ती एक नोंद आहे, इतकेच. पहिलेच कर्ज मागणाऱ्याला केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही लोकसभेत त्याचा पुनरुच्चार केला, ते याच कारणाने.

पणाला लागते ते काय?

या नोंदीची किंमत किती, याचे गणित मांडता येते. समजा, ३० लाख रुपयांचे गृहकर्ज २० वर्षांच्या मुदतीने घेतले. व्याजाचा दर साडेआठ टक्के असेल तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो. अहवाल समाधानकारक नाही म्हणून बँकेने साडेनऊ टक्के लावले तर तोच हप्ता सुमारे २७,९६५ रुपये होतो. महिन्याला १,९३० रुपयांचा हा फरक २४० हप्त्यांत ४ लाख ६३ हजारांच्या घरात जातो. कारकुनाच्या घरात एवढ्या रकमेत एका अपत्याचे उच्च शिक्षण होऊ शकते. नोंद खरी असेल तर हा दंड आहे असे म्हणता येईल. पण ती चुकीची असेल तर ही निव्वळ लूट आहे, आणि तीही कोणा एकाने जाणूनबुजून न केलेली.

विद्यार्थ्यांना हा विषय आपल्या वडिलांचा वाटतो. तो तसा राहिलेला नाही. शैक्षणिक कर्जापासून तरुणाचा पत-अहवाल सुरू होतो आणि सहकर्जदार म्हणून पालकांच्या अहवालातही तेच कर्ज दिसते. शिवाय बँकांच्या नोकरभरतीत उमेदवाराचा पत-अहवाल पाहिला जाऊ लागला आहे. सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेने निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक प्रतिकूल पत-अहवालामुळे रद्द केली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ साली बँकेचा निर्णय उचलून धरला. आपण कर्जे फेडली आहेत हा उमेदवाराचा युक्तिवाद होता. पण जनतेचा पैसा हाताळणाऱ्याच्या ठिकाणी आर्थिक शिस्त असलीच पाहिजे, असा न्यायालयाचा विचार होता. याउलट केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली असे ठरविले, की केवळ सिबिलचे गुण कमी आहेत म्हणून विद्यार्थ्याचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळता येणार नाही. दोन्ही निर्णय आपापल्या जागी ठेवून पाहिले तरी एक गोष्ट स्पष्ट होते. कर्जाच्या खिडकीवर जन्मलेला हा कागद आता नोकरीच्या दारापर्यंत पोहोचला आहे. भ्रमणध्वनीवरून दोन मिनिटांत दोन हजारांचे कर्ज घेणाऱ्या आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे तरी ध्यानी ठेवावे.

चुका येतात कोठून?

चोपडी लिहिणारे यंत्र असले तरी त्यात माहिती भरणारी माणसेच असतात. मराठी नावे इंग्रजीत लिहिताना एकाच माणसाची तीन रूपे होतात. कोठे वडिलांचे नाव मधे येते, कोठे आडनाव आधी. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे निम्मे कागद माहेरच्या नावाने आणि निम्मे सासरच्या नावाने असतात. अशा वेळी एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढण्याचा अथवा स्वतःचीच चांगली परतफेड नोंदीतून गळण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार फेडलेल्या कर्जाचा. शेवटचा हप्ता भरला की कर्जदार समाधानाने घरी जातो. पण बँकेने ते खाते 'बंद' असे कळविले नाही, तर अहवालात ते चालूच राहते. तिसरा प्रकार तडजोडीचा. थकलेल्या कर्जापैकी काही रक्कम घेऊन बँक उरलेली सोडून देते, तेव्हा कर्जदाराला वाटते की प्रकरण मिटले. अहवालात मात्र 'तडजोडीने मिटविले' अशी नोंद राहते आणि पुढील बँक तिचा अर्थ 'पूर्ण फेडले नाही' असाच घेते. ही नोंद चुकीची नसते. परंतु तिचा परिणाम तडजोडीच्या वेळी कर्जदाराला बहुधा कोणी समजावून सांगत नाही.

चौथा प्रकार सरळ फसवणुकीचा. पॅनची प्रत आज कोठे कोठे दिली जाते याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. भाड्याचे घर, हॉटेलची खोली, सिमकार्ड, सर्वत्र तिची मागणी होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये चित्रपट अभिनेता राजकुमार राव याने जाहीरपणे सांगितले होते, की त्याच्या पॅनचा गैरवापर करून कोणीतरी २,५०० रुपयांचे कर्ज उचलले आणि त्यामुळे त्याच्या सिबिल गुणांकावर परिणाम झाला. प्रसिद्ध नटाची तक्रार चार दिवस गाजते. सामान्य माणसाला मात्र आपल्या नावावर असे कर्ज आहे हे कळण्याचा हमखास मार्ग एकच, तो म्हणजे स्वतःचा अहवाल अधूनमधून स्वतः पाहणे.

हक्क आहे, पण वापरणार कोण?

हा मार्ग कठीण नाही, महागही नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने मागणाऱ्या व्यक्तीला वर्षातून एकदा गुणांकासह संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे. कंपन्या चार आहेत. तेव्हा दर तीन महिन्यांनी एकीकडून अहवाल मागविला तर वर्षभर आपल्या नोंदीवर नजर ठेवता येते आणि एक पैसाही खर्च होत नाही. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक घसरतो ही समजूत निराधार आहे. कर्जाच्या अर्जानिमित्त बँकांनी वारंवार केलेल्या चौकशांचा परिणाम होतो, स्वतः केलेल्या चौकशीचा होत नाही.

अहवाल हाती आल्यावर गुणांकाच्या आकड्याकडे पाहून खुश अथवा खिन्न होऊन तो मिटून ठेवण्यात अर्थ नाही. आकडा हा निकाल आहे. तपासायच्या असतात त्या उत्तरपत्रिका. न घेतलेले एखादे कर्ज यादीत आहे काय, फेडलेले कर्ज अद्याप चालू दिसते काय, जामीन राहिलेल्या कर्जाचे हप्ते वेळेवर जात आहेत काय, अनोळखी पत्ता अथवा दूरध्वनी क्रमांक आपल्या नावापुढे आहे काय, ज्या संस्थेकडे कधी अर्ज केला नाही तिने चौकशी केली आहे काय, हे पाच प्रश्न विचारावेत. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कारण फसवणुकीची पहिली चाहूल तेथेच लागते.

चूक आढळल्यास बँकेकडे अथवा पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी. कंपनी नोंद स्वतःच्या मर्जीने बदलू शकत नाही. तिला बँकेकडून खातरजमा करून घ्यावी लागते. या कामाला कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. त्यातील पहिले २१ दिवस बँकेचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने या मुदतीला दात दिले. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. आपला अहवाल कोणी पाहिला तर त्याची सूचना लघुसंदेशाने अथवा ई-मेलने मिळावी, अशीही तरतूद त्यात आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. पूर्वी बँका महिन्याला एकदा माहिती पाठवीत. १ जानेवारी २०२५ पासून हे अंतर पंधरवड्यावर आले. त्यामुळे दुरुस्तीही लवकर दिसू लागते, आणि चुकलेला हप्ताही.

'सिबिल दुरुस्त करून देतो' अशा जाहिराती करणाऱ्यांपासून मात्र दूर राहिलेले बरे. चुकीची नोंद दुरुस्त करायला मध्यस्थ लागत नाही आणि खरी नोंद कोणत्याही मध्यस्थाला पुसता येत नाही.

व्यक्तीची दक्षता पुरेशी नाही

इतके सांगितल्यावर सारा भार नागरिकाच्या दक्षतेवर टाकून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. चूक बँकेची, नोंद कंपनीची आणि शोधून काढण्याची जबाबदारी मात्र ज्याचे नुकसान झाले त्याची, ही व्यवस्था मूळातच एकांगी आहे. कर्ज फिटल्याचा दाखला देतानाच नोंद बंद केल्याचा पुरावा बँकेने का देऊ नये? जामीनदाराची सही घेताना ती त्याच्या अहवालात उतरणार आहे, हे त्याला समजेल अशा मराठीत लिहून का देऊ नये? वर्षातून एकदा मागेल त्याला अहवाल देण्याऐवजी न मागताच तो प्रत्येकाच्या हाती का पडू नये? चोपडी ठेवणारेही चुकतात, याला पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. इक्विफॅक्सच्या अमेरिकेतील मूळ कंपनीच्या संगणकातून २०१७ साली सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. इतरांच्या विश्वासार्हतेचे मोजमाप करणाऱ्याच्या स्वतःच्या विश्वासार्हतेचा प्रश्न त्या घटनेने उभा केला.

मोजपट्टीचाही प्रश्न आहेच. दरमहा पगार घेणाऱ्याला दरमहाच्या हप्त्याची कसोटी लावणे ठीक. ज्याचे उत्पन्न पावसावर आणि हंगामाच्या भावावर अवलंबून आहे त्या शेतकऱ्याला तीच पट्टी लावली, तर दुष्काळाची शिक्षा त्याला दोनदा भोगावी लागते; एकदा शेतात आणि दुसऱ्यांदा बँकेत. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये बँकांना पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका असे बजावले, त्यामागे हीच वस्तुस्थिती होती. तथापि मोजपट्टी सदोष आहे म्हणून मोजणेच सोडावे, असे कोणी म्हणणार नाही. परतफेडीची नोंद नसती, तर बँका पुन्हा ओळखीवर, वशिल्यावर आणि गहाणावर कर्जे देऊ लागल्या असत्या, आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्या प्रामाणिक माणसाची त्यात सर्वांत अधिक हानी झाली असती.

म्हणून या चोपडीचे वैर करण्यात शहाणपण नाही आणि तिच्यावर आंधळा विश्वास टाकण्यातही नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, म्हणून त्याने ती जाळली. आजच्या शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला वाचता येते. वही त्याच्यापुढे उघडून ठेवण्याची सक्ती कायद्याने केली आहे, तेही विनामूल्य. असे असता ती न उघडणे हा निष्काळजीपणा म्हणावा लागेल. घरातील वीज बिल, मुलाचे प्रगतिपुस्तक, बँकेचे पासबुक ज्या सवयीने पाहिले जाते त्याच सवयीने हा कागद तीन महिन्यांतून एकदा पाहिला, तर गृहकर्जाच्या अर्जादिवशी त्या शिक्षकाला जुनी सही आठवत बसावे लागणार नाही. पत कमवायला आयुष्य लागते; ती कोणी चुकीची लिहिली आहे काय हे पाहायला पाव तास पुरतो.